दूध न मानवणारा रुग्ण आणि आपले अनुपान

अश्वगंधा, शतावरी, कवचबीज, बला अथवा अर्जुन यांपैकी कोणतेही द्रव्य रुग्णाच्या हाती देताना ‘दुधातून घ्यावे’ हे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. वैद्याच्या केसपेपरावर ते लिहिलेले असतात, औषधालयाच्या वेष्टनावर छापलेले असतात आणि दुकानात पुडी बांधून देणारा मुलगाही ते न चुकता सांगतो. मात्र समोरच्या व्यक्तीस दूध मानवते किंवा नाही, हा प्रश्न या साखळीत बहुधा कोणीच विचारत नाही. परिणामी दूध न पचणारा रुग्ण दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो कोणास न सांगता औषध बंद करतो, किंवा निष्ठेने दुधातून घेतो आणि आठवडाभरात आध्मान, गुडगुड व द्रवमलप्रवृत्ती यांची तक्रार घेऊन येतो. ‘अश्वगंधा मला गरम पडली’ असे सांगणाऱ्या रुग्णांस आम्ही अलीकडे पहिला प्रश्न विचारतो तो दुधाविषयी. त्यांतील अनेकांस तीच अश्वगंधा तुपातून देता कोणताही उपद्रव होत नाही.

क्षीराचे माहात्म्य वैद्यवर्गास नव्याने सांगण्याचे कारण नाही. जीवनीय द्रव्यांत चरकाचार्यांनी क्षीरास श्रेष्ठ मानले आहे. परंतु त्याच आचार्यांनी क्षीराच्या गुणांत गुरु, मंद, पिच्छिल व बहल हे गुणही गणले आहेत, याचा आपणांस सोयीस्कर विसर पडतो. जीर्णज्वरात अमृतासमान असणारे दूध तरुणज्वरात विषासमान होते, हे आपण परीक्षेत लिहिले आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंटीण, घोडी, हत्तीण व स्त्री अशा आठ क्षीरांचे गुण ग्रंथकारांनी वेगवेगळे सांगितले, ते काही संख्यापूर्तीसाठी नव्हे. अग्नी, सात्म्य, काल व व्याधी पाहिल्यावाचून ‘दूध हे पूर्णान्न’ असे सरसकट म्हणणे हे शाळेच्या भिंतीवरील सुविचाराचे काम आहे, वैद्याचे नव्हे.

या असात्म्यामागील यंत्रणा आधुनिक शास्त्राने पुरेशी उलगडली आहे. दुधातील दुग्धशर्करा, अर्थात लॅक्टोज, लहान आतड्यातील लॅक्टेज या पाचक द्रव्यामुळे ग्लुकोज व गॅलॅक्टोज यांत विभागली जाते. स्तनपानाचे वय उलटल्यावर जगातील बहुसंख्य माणसांत हे लॅक्टेज कमी होत जाते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथे पाणी ओढून धरते आणि जिवाणूंच्या क्रियेने आंबून वायू निर्माण करते. भारतात याचे प्रमाण प्रदेशानुसार पुष्कळ बदलते. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर भारतीयांपैकी साधारण एक चतुर्थांशाहून थोड्या अधिक, तर दक्षिण भारतीयांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींत दुग्धशर्करेचे पचन अपुरे आढळले होते. पिढ्यान्‌पिढ्या पशुपालन करणाऱ्या समाजांत प्रौढपणीही लॅक्टेज टिकून राहते, हा त्याचा अर्थ. ओकसात्म्य व देशसात्म्य या संकल्पनांशी परिचित असलेल्या वैद्यास यात आश्चर्य वाटू नये.

येथे एक भेद काटेकोरपणे करावयास हवा. दुग्धशर्करा न पचणे निराळे आणि दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी निराळी. पहिल्यात मात्रेचा प्रश्न असतो. शर्करेचे पचन अपुरे असलेल्या बहुतेक प्रौढांस एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे एक मोठा पेला दूध, विशेष त्रासावाचून चालते. आहारासोबत घेतल्यास सहनशक्ती आणखी वाढते. दुसऱ्यात मात्रेचा प्रश्नच नसतो. चमचाभर दुधानेही अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलट्या होणे अथवा श्वासास अडथळा येणे असे घडू शकते. ही अवस्था मुख्यतः बालकांत दिसते. तिसरा प्रकार दुय्यम असतो. तीव्र अतिसारानंतर आतड्याचे अस्तर दुखावले गेल्याने काही दिवस ते काही आठवडे दूध पचत नाही आणि पुढे पुन्हा पचू लागते. अशा रुग्णावर ‘आयुष्यभर दूध वर्ज्य’ असा शिक्का मारणे अन्यायाचे होय. मात्र अंगावर पिणाऱ्या बाळास अतिसार झाला, तरी स्तनपान थांबवू नये.

निदानासाठी मोठ्या शहरांत हायड्रोजन श्वासपरीक्षा उपलब्ध आहे. ती नसेल तेथे दोन आठवडे दूध व दुधाचे पदार्थ पूर्ण बंद ठेवून नंतर मोजक्या मात्रेत पुन्हा सुरू करणे हा उपशयानुपशयाचा सोपा मार्ग आहे. मात्र वजन घटणे, मलातून रक्त जाणे, पांडुता, ज्वर किंवा रात्री झोपेतून उठवणारा अतिसार असेल, तर दूध बंद करून वाट पाहत बसू नये. आंत्रक्षय, सीलिअ‍ॅक व्याधी, आतड्याचे दाहजन्य विकार यांची तपासणी आधी व्हावी. ‘दूध बाधते’ या एका वाक्यामागे काय काय दडलेले असते, हे अनुभवी चिकित्सकांस ठाऊक आहे.

दुधाकडून आपणांस काय हवे?

‘दुधाऐवजी काय देऊ?’ असा प्रश्न औषधीविक्रेते बंधू आम्हांस वारंवार विचारतात. आमच्या मते त्याआधी, या रुग्णात दूध कशासाठी योजले होते, हे ठरवावयास हवे. ते औषधाचे वाहन म्हणून होते, बृंहणासाठी होते, शोधनाचे अंग म्हणून होते की केवळ रोजचे अन्न म्हणून होते? प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि सर्वांस पुरेल असा एकच पर्याय अस्तित्वात नाही.

अनुपान म्हणून पाहता ग्रंथकारच आपल्या मदतीस येतात. अष्टांगहृदयाच्या रसायनाध्यायात अश्वगंधेचा पंधरा दिवसांचा प्रयोग सांगताना वाग्भटाचार्यांनी दूध, घृत, तैल व सुखोष्ण जल असे चारही मार्ग खुले ठेवले आहेत. आपण मात्र त्यांतील पहिलाच उचलला आणि उरलेल्या तिहींस विसरलो. घृतात दुग्धशर्करा नावापुरतीच असते. त्यामुळे वातप्रधान, कृश, पण दूध न सोसणाऱ्या रुग्णात कोमट पाण्याच्या अनुपानासह घृत हे आमचे पहिले पसंतीचे वाहन आहे. अर्जुनासाठी क्षीरपाकाऐवजी अर्जुनघृत अथवा साधा क्वाथ देता येतो. लसूण तुपात परतून देता येतो. आमवातात एरंडस्नेह दुधाऐवजी शुंठीच्या क्वाथातून देणे तर शास्त्रास अधिकच धरून आहे.

क्षीरपाकाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण येथे व्यवहार व शास्त्र यांत मोठी तफावत पडलेली दिसते. शार्ङ्गधरांच्या विधीनुसार द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी आणि क्षीरावशेष पाक. म्हणजे ५ ग्रॅम द्रव्यास ४० मिलि दूध व १६० मिलि पाणी. उकळल्याने दुग्धशर्करा नष्ट होत नाही, ही गोष्ट खरी. परंतु ४० मिलि गाईच्या दुधात ती मुळातच २ ग्रॅमहून कमी असते आणि एवढी मात्रा अपुऱ्या लॅक्टेजच्या रुग्णासही क्वचितच बाधते. घरोघरी घडते ते असे की, चमचाभर चूर्ण पेलाभर म्हशीच्या दुधात टाकून त्यास एक उकळी आणली जाते, वर साखर घातली जाते आणि त्यास क्षीरपाक म्हटले जाते. बाधतो तो हा पेलाभर पदार्थ. ‘क्षीरपाक पचत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णास आम्ही मापाच्या भांड्यासह विधी लिहून देतो. पुष्कळदा पर्याय शोधण्याची वेळच येत नाही.

दूध हळूहळू सात्म्य करणेही काही रुग्णांत शक्य असते. चरकसंहितेतील पादांशिक क्रम आपण अपथ्य सोडविण्यासाठी व पथ्य लावण्यासाठी वापरतो. तोच येथे उपयोगी पडतो. जेवणासोबत दोन-तीन चमचे दुधापासून आरंभ करून तीन-चार आठवड्यांत अर्ध्या पेल्यापर्यंत जावे. मोठ्या आतड्यातील जिवाणू नियमित मिळणाऱ्या दुग्धशर्करेशी जुळवून घेतात व वायूचे प्रमाण घटते, असे आधुनिक निरीक्षणही आहे. प्रथिनांची अ‍ॅलर्जी असल्यास मात्र हा प्रयोग मुळीच करू नये.

तक्र

संवेदनशील कोठाच्या रुग्णासाठी दुधाचा सर्वांत जवळचा, सर्वांत स्वस्त व सर्वांत उपेक्षित पर्याय म्हणजे ताक. ग्रहणीचिकित्सेत चरकाचार्यांनी ते दीपन, ग्राही व लघु म्हणून गौरविले. पर्पटीकल्पात केवळ दुधावर अथवा केवळ ताकावर रुग्णास ठेवण्याची परंपरा आजही टिकून आहे. ज्या रुग्णाची ग्रहणी दुधाने बिघडते, त्याचीच ती ताकाने सुधारते, याचे एक कारण आता स्पष्ट झाले आहे. विरजणाच्या क्रियेत दुधातील सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा दुग्धशर्करा खर्ची पडते. शिवाय दह्यातील जिवंत जिवाणू स्वतःचे पाचक द्रव्य घेऊन आतड्यात उतरतात व उरलेल्या शर्करेच्या पचनास हातभार लावतात. त्यात पाणी घालून घुसळले की प्रत्येक घोटातील शर्करा आणखी विरळ होते.

परंतु ताक म्हणजे नेमके काय, हे रुग्णास सांगावे लागते. भावप्रकाशात घोल, मथित, तक्र, उदश्वित् व छच्छिका असे भेद पाण्याच्या व स्नेहाच्या प्रमाणावरून केले आहेत. आम्ही सामान्यतः एक भाग ताज्या दह्यास तीन भाग पाणी घालून, घुसळून, लोणी काढून, भाजलेले जिरे व सैंधव यांसह दुपारच्या भोजनानंतर देतो. ताक सद्यस्क असावे. तीन दिवसांचे आंबट दही घुसळून केलेले ताक अम्लपित्ताच्या रुग्णास देऊन ‘ताकही बाधते’ असा निष्कर्ष काढू नये. कढी करताना उकळीने जिवाणू मरतात. तेव्हा कढी रुचकर व दीपन असली, तरी जिवंत ताकाचा हा विशिष्ट लाभ तिच्यात नाही. दीर्घकाळ टिकावे म्हणून आंबवल्यानंतर तापवून भरलेल्या बाजारी मसाला ताकाची गोष्टही तीच. क्षत, दाह, भ्रम, मूर्च्छा, रक्तपित्त व उष्णकाल यांत सुश्रुतांनी सांगितलेला तक्राचा निषेध अर्थातच पाळावा.

चक्का व पनीर यांत निवळीबरोबर बरीच दुग्धशर्करा निघून जाते. म्हणून आहारतज्ज्ञ त्यांची शिफारस करतात. आमचा येथे थोडा मतभेद आहे. शर्करा कमी झाली म्हणून पदार्थ लघु होत नाही. किलाटादी घन दुग्धविकार ग्रंथांत गुरु गणले आहेत आणि मंदाग्नीच्या रुग्णास रात्री पनीर खाऊन येणारी जडता लॅक्टोजच्या कोष्टकातून कळत नाही. दिवसा, थोडे, मिरे अथवा शुंठीसह, एवढीच आमची अनुज्ञा असते.

शेळीचे दूध, ‘ए-टू’ दूध आणि लॅक्टोजमुक्त दूध

महात्मा गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे दीर्घ आजारानंतर १९१९ च्या आरंभी मुंबईत, व्रत गाय-म्हशीच्या दुधाचे होते असा अर्थ लावून, ते शेळीच्या दुधावर आले. दुधास वनस्पतिजन्य पर्याय मिळावा ही त्यांची तळमळ आगाखान पॅलेसच्या बंदिवासात केलेल्या आरोग्यविषयक लेखनातही दिसते. गांधीजींचा प्रश्न व्रताचा होता, पचनाचा नव्हे. तरीही ‘शेळीचे दूध हलके’ ही समजूत त्यांच्यामुळे घराघरांत दृढ झाली. अजाक्षीर लघु, ग्राही व कषायमधुर आहे आणि रक्तपित्त, अतिसार, क्षय, कास यांत त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. मात्र त्यातील दुग्धशर्करा गाईच्या दुधापेक्षा किंचितच कमी असते. ज्यास केवळ लॅक्टोजचा त्रास आहे, त्यास मोठ्या मात्रेत शेळीचे दूधही बाधणार. गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतांश बालकांत तर ते धोकादायक ठरते, कारण दोहोंतील प्रथिने फार मिळतीजुळती आहेत.

‘ए-टू’ दुधाचा गाजावाजा आपल्या व्यवसायातही शिरला आहे. त्यात दुग्धशर्करा तेवढीच असते. भेद आहे तो बीटा-केसिन या प्रथिनाच्या प्रकारात. आपल्या देशी गाईंच्या व म्हशींच्या दुधात प्राधान्याने हाच प्रकार आढळतो. मग दुप्पट-तिप्पट दराने तो विकत घेण्याचे प्रयोजन काय? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनावरून काढण्याचा आदेश दिला आणि काही दिवसांतच तो मागेही घेतला. त्या धरसोडीवरून वैद्याने आपले मत बनवू नये.

लॅक्टेज मिसळून तयार केलेले लॅक्टोजमुक्त दूध हा मात्र प्रामाणिक पर्याय आहे. त्यातील प्रथिने, चुना व ब-१२ दुधाप्रमाणेच असतात, आणि दूध हेच अनुपान अनिवार्य वाटेल तेथे ते वापरता येते. शर्करा फुटल्याने ते चवीस अधिक गोड लागते. एकूण शर्करा तेवढीच राहते, हे मधुमेही रुग्णास आवर्जून सांगावे.

वनस्पतिजन्य ‘दुधे’

कोकण व गोवा येथील घरांत नारळाचे दूध परंपरेने आहे. कोकमासह केलेली सोलकढी पित्तप्रकृतीच्या, दूध न मानवणाऱ्या रुग्णास भोजनासोबत उत्तम. परंतु पहिल्या पिळण्याचे घट्ट दूध स्निग्ध व गुरु असते आणि प्रथिने व चुना यांच्या दृष्टीने ते गाईच्या दुधाची जागा घेत नाही. सोयाबीनचे दूध प्रथिनांत गाईच्या दुधाच्या जवळपास जाते. मात्र ते पुरेसे उकळलेले असावे. शिवाय द्विदल धान्यातील वायुकारक शर्करा त्यात काही अंशी उतरतात. आध्मानासाठीच दूध सोडलेल्या रुग्णास सोयादूध देऊन आगीतून फुफाट्यात टाकल्यासारखे होते. बाजारातील बदामपेयात बदाम पाहावा लागतो. रात्री भिजवून, सोलून, पाट्यावर अथवा मिक्सरमध्ये वाटलेले सात-आठ बदाम कोमट पाण्यातून घेणे त्याहून स्वस्त व गुणकारी. ओटपेय तयार करताना पिष्टाची साखर होते, तेव्हा मधुमेहात ते जपून द्यावे. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांवर ‘दूध’ शब्द छापण्यास आक्षेप घेतला तेव्हा अनेकांस ते शब्दांचे भांडण वाटले. आम्हांस ते योग्य वाटले.

अतिसारानंतर अथवा ग्रहणी अत्यंत नाजूक असताना यांपैकी काहीही न देता लाजमंड, पेया व मुद्गयूष या क्रमाने जावे. संसर्जनक्रमाहून चांगला पर्याय आमच्या पाहण्यात नाही. पुढे नाचणीचे सत्त्व पाण्यात शिजवून ताकासह दिलेले बहुतेकांस मानवते.

दूध गेले, त्यासोबत काय गेले?

आमच्याकडे आलेल्या साठीजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेने पोटाच्या त्रासासाठी सहा वर्षांपूर्वी कोणाच्या सांगण्यावरून दूध, दही, ताक सर्वच सोडले होते. पोट शांत झाले. पुढे पायांत मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, जीभ लाल व गुळगुळीत झाली. वातव्याधी समजून स्नेहन-स्वेदन सुरू होते. रक्ततपासणीत ब-१२ अत्यंत कमी निघाले. शाकाहारी महाराष्ट्रीय कुटुंबात दूध-दही हाच या जीवनसत्त्वाचा जवळजवळ एकमेव स्रोत असतो आणि मुद्दाम मिसळल्याखेरीज कोणत्याही वनस्पतिपेयात ते नसते. ब-१२ ची इंजेक्शने तातडीने सुरू झाली, तशा मुंग्या उणावल्या. तोल पूर्वपदावर यावयास मात्र बरेच महिने लागले. आज त्या रोज दुपारी एक वाटी ताज्या दह्याचे ताक घेतात व त्यांस कोणताही त्रास नाही. सहा वर्षे जे सोडले होते, त्यातील ताक सोडण्याची गरज कधीच नव्हती.

चुन्याचा, म्हणजे कॅल्शिअमचा, हिशेबही करावा. प्रौढास दिवसाकाठी १००० मिलिग्रॅम घ्यावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. २०० मिलि गाईच्या दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. नाचणीच्या एका भाकरीतून, ३० ग्रॅम पीठ धरल्यास, सुमारे ११०, आणि १० ग्रॅम न सोललेल्या तिळांतून सव्वाशेच्या आसपास. तीळ व नाचणी यांतील काही घटक त्याच्या शोषणास आड येतात. भाजल्याने व मोड आणल्याने ते काही अंशी उणावतात. मत्स्याहारी रुग्णास काट्यांसह खाल्ली जाणारी लहान मासळी सांगावी. रजोनिवृत्त स्त्रीचे दूध बंद करताना केसपेपरावर या हिशेबाची एक ओळ नसेल, तर ते पथ्य अपुरे आहे.

औषधालयांसाठी

अनेक गोळ्यांत पूरक द्रव्य म्हणून लॅक्टोज वापरलेले असते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ते अर्धे धरले व दिवसाला चार गोळ्या घेतल्या, तरी एक ग्रॅमच होते. बहुसंख्य रुग्णांस त्याने काही होत नाही, आणि तशी भीती घालून विक्री करणेही योग्य नव्हे. तथापि दुग्धप्रथिनांची अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णासाठी व अतिसंवेदनशील कोठासाठी उत्पादकाने पूरक द्रव्ये वेष्टनावर स्पष्ट लिहावीत आणि दुकानदाराने ती वाचावीत. ताकद वाढविणाऱ्या भुकट्यांत दुधाची भुकटी असल्यास प्रकरण वेगळे, कारण साय काढलेल्या दुधाच्या भुकटीत निम्मी दुग्धशर्करा असते. रुग्णाने दूध सोडलेले असते आणि रोज दोन चमचे ‘टॉनिक’ मात्र सुरू असते. खव्याच्या मिठाईचेही असेच.

एका बाबतीत विक्रेत्यांनी तडजोड करू नये. एक वर्षाखालील बालकासाठी दुधाचा पर्याय मागण्यास कोणी आल्यास बदाम, तांदूळ, ओट, नारळ यांचे कोणतेही पेय अथवा शेळीचे दूध काउंटरवरून सुचवू नये. स्तनपान सुरू ठेवावे आणि बाळास त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. इतर वेष्टनांवर ‘दुधातून’ या शब्दाच्या जागी ‘दूध, तूप किंवा कोमट पाणी यांपैकी वैद्य सांगतील त्यातून’ असे छापण्यास एका ओळीची जागा पुरते. आमच्या परिचयाच्या दोन औषधालयांनी पुढील छपाईपासून तसे करण्याचे मान्य केले आहे.